घाट कुणी फोडला? आणि विहारात दाखवायच्या काही फिल्मा



कर्जत-खालापूरकडची आपली पोरं हल्ली एकच गोष्ट विचारतात. विहारात प्रोजेक्टर आलाय, भिंत पांढरी केलीय, स्पीकर आहेत. आता दाखवायचं काय? चौदा एप्रिलला डीजे, सहा डिसेंबरला चैत्यभूमीची गाडी, आणि मधले महिने विहाराला टाळं. त्या मधल्या महिन्यांसाठी यादी द्या, असं पोरांचं म्हणणं. यादी देतो. पण त्याआधी एक भांडण करून घेतो, कारण त्याच्याशिवाय यादीला अर्थ नाही.

आपल्याला इतिहास पाहिजे का टॉनिक?

मोबाईलवर रोज एक टॉनिक येतं. दोन मिनिटांचं, मागं ढोल, वर निळा झेंडा, आणि एक आवाज सांगतो की पाचशे महारांनी अठ्ठावीस हजार पेशवे कापून काढले. पोरगं ऐकतं, छाती फुगते, पुढं पाठवतं. दुसऱ्या दिवशी कॉलेजात कुणीतरी शहाणा उभा राहतो, चार पुस्तकं काढतो आणि ह्या आकड्याचा भुगा करतो. मग आपल्या पोराकडं उत्तर नसतं. आणि त्या एका आकड्याबरोबर सगळी लढाईच खोटी, असं तो शहाणा सांगून मोकळा होतो. म्हणजे आपणच आपल्या हातानं त्याला काठी दिली.

खरं काय आहे ते बघा. १ जानेवारी १८१८. कॅप्टन स्टाँटनच्या हाताखाली सुमारे आठशे माणसं. त्यातले पाचशेच्या आसपास बॉम्बे नेटिव्ह इन्फंट्रीचे शिपाई, बाकी घोडेस्वार आणि मद्रासचे तोफवाले. ते सगळेच काही महार नव्हते. पेशव्याचं सगळं सैन्य अठ्ठावीस हजार, पण गावात घुसून लढायला पाठवलेले दोन हजारांच्या आसपास. दिवसभर पाणी नाही, अन्न नाही, आणि गाव सोडलं नाही. रात्री पेशव्याचं सैन्य निघून गेलं. स्तंभावर मेलेल्यांची नावं कोरली, त्यात बावीस नावं ‘नाक’ लागलेली. बावीस! ज्यांच्या सावलीचा विटाळ होत होता त्यांची नावं दगडात, साहेबाच्या खर्चानं, पेशवाईच्या मुलखात. १ जानेवारी १९२७ ला बाबासाहेब तिथं गेले ते ह्या बावीस नावांसाठी. अठ्ठावीस हजारांची गरजच काय? खरी गोष्ट पुरेशी मोठी आहे. तिला फुगवलं की ती फुटते.

म्हणून यादीतली पहिली फिल्म सोमनाथ वाघमारेंची, ‘द बॅटल ऑफ भीमा कोरेगाव : ॲन अनएंडिंग जर्नी’, २०१७ ची. लढाईचा सिनेमा समजून बसाल तर फसाल. तलवारी नाहीत, घोडे नाहीत. स्तंभाकडं जाणारी माणसं आहेत. का येता, कधीपासून येता, कुणी सांगितलं, असं विचारत कॅमेरा त्यांच्या मागं फिरतो. दोनशे वर्षांपूर्वी काय झालं ह्याच्याइतकंच आज माणूस त्या दगडाकडं काय मागायला येतो हेही इतिहासच आहे, हे ह्या फिल्ममधून कळतं. त्यांचीच २०२३ ची ‘चैत्यभूमी’ हिच्या जोडीनं दाखवा. सहा डिसेंबरच्या गर्दीला पेपरवाले दरसाल ‘वाहतुकीची कोंडी’ म्हणतात. त्याच गर्दीकडं आपल्यातल्या माणसानं बघितलं की ती कशी दिसते, ते पोरांना कळू द्या.

आता पळसदरीकडं येतो, कारण माझं खरं दुखणं तिथं आहे.

आमची पळसदरी तुम्हाला ठाऊक असेल ती धबधब्याची आणि तलावाची. पावसाळ्यात मुंबईची पोरं येतात, भिजतात, बाटल्या टाकून जातात. खोपोलीची लोकल इथं मिनिटभर थांबते, एक्स्प्रेस थांबत नाहीत. पण स्टेशनावर उभं राहून नीट बघा. इथं रूळ फुटतात. एक फाटा केळवली, डोळवलीवरनं खोपोलीला, दुसरा ठाकूरवाडी, मंकी हिलवरनं खंडाळ्याला. भोर घाटाचा चढ इथूनच मोजला गेला. माझा आजा ह्याच लायनीवर गँगमन होता. पहार खांद्यावर, हातात झेंडी, पावसात रात्रीची गस्त. दरड आली का, रूळ सरकला का, ते बघत चालायचं. त्याला घाटातला एकन् एक बोगदा नंबरानं पाठ. पण हा बोगदा फोडला कुणी, असं विचारलं तर म्हणायचा, ‘साहेबानं.’

मी सांगतो कुणी फोडला ते.

१२ मे १८५६ ला गाडी पळसदरीवरनं खोपोलीपर्यंत आली. १८५८ मध्ये वर खंडाळा ते पुणे गाडी सुरू झाली. मधला घाट उघडा. मुंबईहून पुण्याला जाणारा साहेब आणि शेटजी खोपोलीला उतरायचा, पालखीत नाहीतर तट्टावर बसायचा आणि वर खंडाळ्याला जाऊन परत गाडी धरायचा. म्हणजे आगगाडीच्या दोन तुकड्यांच्या मधला तुकडा पाच वर्षं माणसांच्या खांद्यावर होता. पालखीतून गेलेल्यांनी प्रवासवर्णनं लिहिली, हवा छान होती म्हणून. पालखीखाली होते त्यांचं वर्णन कुणी लिहायचं?

घाटाचं काम १८५६ च्या सुरुवातीला लागलं. पावणेसोळा मैल लांबी, १८३१ फूट चढ, काही ठिकाणी ३७ फुटांना एक फूट असा उभा. पंचवीस बोगदे, आठ मोठे कमानी पूल. मुख्य इंजिनिअर जेम्स बर्कली, कंत्राटदार विल्यम फॅव्हिएल. मुंबई-ठाणे लायनीचं कंत्राट ज्याच्याकडं होतं तोच. यंत्र म्हणाल तर जवळजवळ नाही. पहार, छिन्नी, हातोडा, सुरुंगाची दारू आणि घमेलं. कड्यावर उभं राहायला जागा नाही तिथं माणसाला दोरानं खाली सोडायचं, त्यानं लटकत लटकत भोक पाडायचं, दारू ठासायची, मग त्याला वर ओढायचं. ओढायला उशीर झाला तर काय, ते सांगायला नको. वडार, महार, मांग, कुणबी, घाटावरचे, कोकणातले, सगळे गोळा केलेले. बाया होत्या, पोरं होती. पावसाळ्यात उघड्यावरचं काम बंद, माणसं पांगायची, दिवाळीनंतर परत यायची. जानेवारी १८६१ मध्ये एका वेळी बेचाळीस हजारांवर माणूस ह्या घाटात राबत होता. आजच्या कर्जत शहरापेक्षा मोठं गाव, झावळ्या-पेंढ्यांच्या झोपड्यांत, ओढ्याचं पाणी पिऊन. मग पटकी आली. १८५९-६० च्या हंगामात पटकीनं माणसं अशी मेली की कामावरनं पळापळ झाली. हजारो मेले. बर्कलीच्या नावाचे लेख आहेत, आकडे आहेत, पुलांची मापं इंचापर्यंत आहेत. मेलेल्या मजुराचं एक नाव नाही.

आता ह्या घाटातला तो प्रसंग, जो आपल्या शाळेतल्या कुठल्या पुस्तकात मी वाचला नाही. जानेवारी १८५९. फॅव्हिएलच्या कामावर मजुरांचा पगार तुंबला होता. साहेब पैसे देतो पोटकंत्राटदाराला, पोटकंत्राटदार देतो मुकादमाला, मुकादम देतो (किंवा देत नाही) मजुराला. ही शिडी तुम्हाला ओळखीची वाटत असेल. आजही बांधकामाच्या नाक्यावर तीच आहे, नुसती नावं बदललीत. तर पगार मागितला, मिळाला नाही, आणि मजूर उठले. दगड, काठ्या घेऊन गोऱ्या कामगारांवर, देखरेखीच्या साहेबांवर चालून गेले. एक गोरा त्यात मेला. लक्षात घ्या, सत्तावनचं बंड जेमतेम थंड झालं होतं. गोरा साहेब काळा माणूस जमला की घाबरत होता. चौकशी बसली. फॅव्हिएलनं त्याच साली कंत्राट सोडलं.

आणि सरकारनं काय केलं? १८६० चा नववा कायदा केला. रेल्वे, कालवे अशा कामांवरचे मालक-मजुरांचे पगाराचे तंटे मॅजिस्ट्रेटनं झटपट सोडवावेत म्हणून. दिसायला चांगला. मजुराला पगारासाठी दाद मागता येऊ लागली, हे खरंच, ते नाकारायचं नाही. पण त्याच कायद्यात, काम सोडलं की मजुराला तुरुंग. मालकानं पैसे बुडवले तर ते पैसे वसूल, मजुरानं काम बुडवलं तर मजूर आत. दोघांचा गुन्हा एकच, शिक्षा वेगळी. हे आपल्याला नवं नाही. आपल्याकडं मनूनं हेच लिहून ठेवलंय, फक्त तिथं मालक-मजूर न म्हणता वर्ण म्हटलंय.

हिंदुस्थानात मजुरांच्या तंट्यासाठी अगदी सुरुवातीला जे कायदे झाले त्यातला हा एक, आणि तो आमच्या घाटातल्या माणसांच्या दगडांमुळं झाला. पळसदरीच्या स्टेशनावर ह्याची पाटी पाहिजे होती. धबधब्याकडं जायची पाटी आहे.

पुढची गोष्ट मात्र पेपरात अधूनमधून येते. फॅव्हिएलनंतर १८५९ मध्ये सॉलोमन ट्रेडवेल नावाचा कंत्राटदार इंग्लंडहून आला आणि पंधरा दिवसांत मेला. त्याची बायको ॲलिस ट्रेडवेल हिनं कंत्राट सोडलं नाही. ॲडमसन आणि क्लाऊझर ह्या दोन इंजिनिअरांना हाताशी धरून काम पुरं करून घेतलं. २१ एप्रिल १८६३ ला गव्हर्नर बार्टल फ्रिअरनं घाट उघडला. महिला दिन आला की ‘भोर घाट बांधणारी धाडसी बाई’ म्हणून लेख येतो. तिचं कौतुक करायला माझी ना नाही. परमुलखात नवरा मेला असताना घर गाठायचं सोडून बाई उभी राहिली. पण ‘बांधणारी’ हा शब्द मला टोचतो. बाईनं बांधला म्हणता, तर पोर पाठीला बांधून, डोक्यावर खडीचं घमेलं घेऊन कडा चढणारी पण बाईच होती. तिच्यावर लेख कोण लिहिणार? तो लेख तुम्ही लिहायचा आहे.

आणि घाईत बांधलेल्याचं काय होतं तेही सांगतो. महूकीमळीचा कमानी पूल चार वर्षांत, जुलै १८६७ च्या पावसात ढासळला. साहेबाचं सगळंच पक्कं होतं, असं म्हणणारे आजही आपल्यात आहेत म्हणून हे लिहिलं.

आता शिंग्रोबा. खोपोलीहून घाट चढताना देऊळ लागतं, ड्रायव्हर लोक गाडी हळू करून नाणं टाकतात. गोष्ट अशी सांगतात की इंग्रजाला घाटाची वाट सापडेना. शिंग्रोबा नावाच्या धनगरानं, मेंढरांच्या पायवाटेनं, त्याला वाट दाखवली. साहेब म्हणाला, बक्षीस माग. धनगर म्हणाला, आमचा मुलूख स्वतंत्र करून दे. साहेबानं गोळी घातली. ही गोष्ट कागदात नाही, तोंडी आहे. म्हणून मी ती घडली असं छातीठोक सांगणार नाही. पण खोटी म्हणून फेकणार तर मुळीच नाही. ज्या माणसांची हजेरीपत्रकं जाळली गेली, वाळवीनं खाल्ली, किंवा कुणी लिहिलीच नाहीत, त्यांनी आपली आठवण कुठं ठेवायची? देवळात ठेवली. वाट दाखवणारा आपला होता, फायदा साहेबानं घेतला, आणि मोबदला म्हणून मरण दिलं. घाटातल्या हजारो मढ्यांचा हिशेब लोकांनी एका धनगराच्या नावावर मांडलाय, असं मला वाटतं. आपण बावीस प्रतिज्ञा घेतलेली माणसं. नवस करायला तिथं जायचं नाही. पण त्या देवळात काय पुरलंय ते विचारायला जायला काय हरकत आहे?

ह्यावर डॉक्युमेंट्री आहे का? मी तरी पाहिलेली नाही. बीबीसीनं २०१० साली हिंदुस्थानातल्या डोंगरी रेल्वेवर तीन भाग काढले, दार्जिलिंग, निलगिरी आणि कालका-सिमला. बघण्यासारखे आहेत, कारण त्यात हमाल, फाटकवाला, कारकून ह्यांची घरं दिसतात. पण त्या गाड्या पर्यटनाच्या. आमचा घाट मालगाडीचा, कापसाचा, फौजेचा. त्याच्यात ‘चहाच्या मळ्यातली सुंदर सकाळ’ नाही.

तर आपण काढायची. पोरं म्हणतील, दादा, फोटो नाही, नाव नाही, एकही साक्षीदार जिवंत नाही, कशी काढायची? ह्याचं उत्तर क्लोद लान्झमानच्या ‘शोआ’मध्ये आहे, १९८५ ची फिल्म. साडेनऊ तास चालते. घाबरू नका, एकदम दाखवायची नाही, महिनाभर तुकडे करून दाखवा. नाझींनी ज्यूंची कत्तल केली त्याच्यावर. जगभरच्या फिल्मांत मढ्यांच्या ढिगांची जुनी चित्रं असतात. ह्या माणसानं एकही जुनं चित्र घेतलं नाही. तो आजच्या जागेवर जातो. गवत उगवलंय, झाडं आहेत, रूळ आहेत. आणि माणसांना विचारतो. त्या गाड्या चालवणाऱ्या पोलिश ड्रायव्हरला तो परत इंजिनात चढवतो. तो म्हातारा खिडकीतून मागं बघतो, आणि साडेनऊ तासांत मला सगळ्यात जास्त हादरवलं ते ह्या बघण्यानं. लान्झमान किती बारीक विचारतो बघा. हवा कशी होती, दार कुठल्या बाजूला होतं, आवाज येत होता का. ‘तुम्हाला कसं वाटलं’ असं तो फारसं विचारत नाही. आपले टीव्हीवाले दुसरं काही विचारतच नाहीत.

आपल्याला पण तेच करता येईल. घाटात गवत उगवलंय, बोगदे आहेत. १९२९ पर्यंत जिथं गाडी उलटी फिरवायची ते जुनं रिव्हर्सिंग स्टेशन होतं, त्याची जागा आहे. १८५९ चे साक्षीदार नाहीत, पण रिटायर गँगमन, खलाशी, पॉइंटमन आहेत. त्यांना विचारा, बोगद्यात मुतारीला जायला भीती का वाटायची, कुठल्या वळणावर काय दिसतं म्हणायचे, मुकादम हजेरीत खाडा कसा मांडायचा, रेल्वेच्या चाळीत नळ कुणाचा वेगळा होता. त्या उत्तरांतून मागचा माणूस दिसायला लागतो.

नळाचं नाव निघालं म्हणून दुसरा प्रसंग. १२ फेब्रुवारी १९३८, मनमाड. जीआयपी रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांची परिषद, अध्यक्ष बाबासाहेब. ‘ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू’ हे सगळ्यांना माहीत आहे, कारण ते पोस्टरवर येतं. पण त्याच भाषणात रेल्वेतल्या आपल्या माणसाची जी स्थिती सांगितलीय ती कुणी वाचत नाही. अस्पृश्य माणूस गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच मरतो. साधा पोर्टर होता येत नाही. का? तर पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरचं पण काम करावं लागतं, आणि आपल्या हाताचं पाणी घरात चालत नाही. म्हणजे बढती अडली कशावर? लायकीवर नाही, परीक्षेवर नाही, मास्तरीणबाईंच्या हंड्यावर. माझा आजा ‘साहेबानं’ म्हणायचा तेव्हा त्याला हे भाषण माहीत नव्हतं. तो जगला मात्र त्यातलंच. आणि त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला, संपावर बंधनं आणणाऱ्या विधेयकाच्या विरोधात बाबासाहेबांनी स्वतंत्र मजूर पक्षातर्फे, कम्युनिस्टांच्या बरोबरीनं संप केला. १८६० चा कायदा आणि १९३८ चं विधेयक शेजारी ठेवून वाचा. मजुरानं काम थांबवलं की तो गुन्हा, हे सूत्र अठ्ठ्याहत्तर वर्षांत हललं नव्हतं.

‘जय भीम कॉम्रेड’ ह्याच वळणावर दाखवायची. आनंद पटवर्धन, २०११. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात पुतळ्याच्या विटंबनेवरनं लोक रस्त्यावर आले, पोलिसांनी गोळ्या घातल्या, दहा जण मेले. चौथ्या दिवशी शाहीर विलास घोगरेंनी गळफास घेतला. पटवर्धननं चौदा वर्षं चित्रीकरण केलं. गोळीबाराचा हुकूम देणाऱ्या फौजदाराला २००९ साली जन्मठेप झाली, आणि तो जामिनावर बाहेर आला. फिल्म तीन तासांची आहे आणि पोरं हलत नाहीत, हे मी बघितलंय. गाणी आहेत, शिव्या आहेत, आपल्याच पुढाऱ्यांची पळापळ आहे. काही जणांचं म्हणणं पडतं की पटवर्धन आपला नाही, त्याच्या नजरेनं आपण का बघायचं. हा वाद खोटा नाही. पण वाद फिल्म बघून करायचा. आणि जमलं तर त्याचीच १९८५ ची ‘हमारा शहर’ आधी दाखवा, तिच्यात तरणे विलास घोगरे गाताना दिसतात. तो आवाज आधी ऐकला की मग दुसऱ्या फिल्मचं वजन कळतं.

कॅमेरा कुणाच्या हातात, हा प्रश्न निघालाच तर नामदेव व्हटकरांचं नाव आपल्या पोरांना का ठाऊक नसावं? ७ डिसेंबर १९५६. मुंबईत बाबासाहेबांची अंत्ययात्रा. एवढा मोठा माणूस, एवढी माणसं, आणि ते चित्रित करायला धावला कोण? आपलाच माणूस. लेखक, नट, सिनेमात धडपडणारा. छापखाना गहाण टाकून त्यांनी पैसे उभे केले, कॅमेरा आणि रिळं मिळवली, असं सांगतात. आज सहा डिसेंबरला टीव्हीवर जी थरथरती काळीपांढरी गर्दी दिसते, ती बघताना हे नाव घेत जा. तो दिवस कुणी दुसरा टिपील म्हणून ते थांबले असते तर आपण आज फक्त ऐकत बसलो असतो.

अमेरिकेतली ‘आइज ऑन द प्राइझ’ पण मिळवा. हेन्री हॅम्प्टनची, पहिले सहा भाग १९८७ चे, पुढचे आठ १९९० चे. काळ्यांच्या नागरी हक्कांची चळवळ. बसचा बहिष्कार, शाळेत पाऊल टाकणाऱ्या पोरी, पुलावरचा लाठीमार. बघताना महाड आठवत राहतं. तिचीसुद्धा एक गोष्ट आहे. आतल्या जुन्या चित्रांच्या हक्कांची मुदत संपली आणि बरीच वर्षं ती टीव्हीवर दाखवता येईना. २००५ साली तिथल्या कार्यकर्त्यांनी आपापल्या वस्त्यांत तिचे खेळ लावले. चळवळीचा इतिहास चळवळीलाच दाखवायला बंदी, कारण पैसे भरले नाहीत! पँथरसाठी स्टॅन्ले नेल्सनची २०१५ ची फिल्म आहे. बहात्तर साली आपल्या पोरांनी नाव कुठनं उचललं ते कळेल, आणि मोफत नाष्टा देणारी पँथर पण दिसेल. ती बाजू आपण उचलली नाही.

स्टॅलिन के. ची ‘इंडिया अनटच्ड’, २००७, ही शहरातल्या सवर्ण मित्रांना बोलावून दाखवा. ‘आता जात कुठं राहिलीय’ म्हणणाऱ्याला पहिल्या रांगेत बसवा.

महाडवर सिनेमे झाले, जब्बार पटेलांच्या सिनेमात पण ते आहे. पण बारकावे राहतात. आपल्याच जिल्ह्यातलं आहे म्हणून सांगतो. डिसेंबर १९२७ च्या परिषदेला जागा द्यायला सवर्ण तयार नव्हते, फत्तेखान नावाच्या मुसलमानानं दिली. बाबासाहेब ‘पद्मावती’ बोटीनं दासगावला उतरले, तिथून लोक चालत महाडला गेले. त्या दासगावचे रामचंद्र बाबाजी मोरे. महाडच्या परिषदेची कल्पना, जुळवाजुळव, निरोप, ह्याच्यात त्यांचा केवढा वाटा! पुढं ते कम्युनिस्ट झाले म्हणून आपण त्यांना बाजूला ठेवलं, आणि कम्युनिस्टांनी त्यांची जात अडचणीची वाटली म्हणून. त्यांचं आत्मचरित्र मिळवून वाचा.

कर्जतच्या पोरांसाठी एक खूण. १८८२ चं गॅझेटिअर चाळायला घ्याल तर कर्जत कुलाब्याच्या खंडात शोधू नका. तेव्हा कर्जत ठाणे जिल्ह्यात होतं, ठाण्याचा खंड मागा. ‘महार’ ह्या नोंदीवर साहेबानं जे लिहिलंय ते वाचून राग येईल. राग आला तरी उतरून घ्या.

आणि जे आज डोळ्यांसमोर चाललंय त्याच्यावर कॅमेरा लावा. माथेरानला माणूस माणसाला रिक्षात बसवून हातानं ओढत होता. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं, तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या पीठानं, सहा महिन्यांत हे बंद करा म्हणून सांगितलं. ओढणाऱ्यांची एक पिढी अजून आहे. त्यांचे खांदे, त्यांचे गुडघे, त्यांचा हिशेब, आत्ता लिहून घेतला नाही तर उद्या कुणीतरी ‘माथेरानच्या गोड आठवणी’ म्हणून त्या रिक्षेचा फोटो भिंतीला लावील. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर डोंगर आला. ठाकरांची वाडी. सत्तावीस मढी काढली, सत्तावन माणसं सापडली नाहीत, चार दिवसांनी शोध थांबला. टीव्हीच्या गाड्या पण तेव्हाच गेल्या. त्या सत्तावन जणांची नावं तरी आहेत, नातेवाईक आहेत. १८६० च्या पटकीत मेलेल्यांसारखं त्यांचं होऊ द्यायचं नसेल तर मोबाईल आहे ना खिशात? तो आडवा धरायचा, वारा येतो तिकडं पाठ करायची, आणि म्हातारा बोलत असताना मधे बोलायचं नाही. रेकॉर्डिंगवर तारीख, गाव आणि माणसानं स्वतः सांगितलेलं नाव घ्यायचं. त्याला नको असेल तर नाव गाळायचं. एक प्रत विहारात, एक दुसऱ्या गावच्या विहारात. एकाच मोबाईलमध्ये ठेवलेला इतिहास पाण्यात पडतो.

सुरुवात म्हणून असं करू. पहिल्या रविवारी कोरेगाव, दुसऱ्या रविवारी ‘हमारा शहर’, तिसऱ्या रविवारी ‘जय भीम कॉम्रेड’, तिला जेवण लवकर उरकून साडेसातला बसायचं. चौथ्या रविवारी फिल्म नाही. सकाळच्या खोपोली लोकलनं पळसदरीला उतरायचं आणि आपल्या वस्तीतल्या रिटायर गँगमनकडं जायचं. रुळाच्या कडेनं चालत जायचं नाही, गाड्या जोरात येतात आणि दंडही होतो, वस्तीच्या रस्त्यानं जायचं. प्रश्न मी लिहून आणतो. वही आणि पेन ज्याचं त्यानं आणायचं, चहाची सोय मी बघतो.